पहिला तास तेवढा कुणाला देऊ नका

प्रश्न: ताई, मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे. फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडली की शिक्षकांच्या ग्रुपवर ऑनलाइन माहिती भरायचा मेसेज येतो, 'लिंक तात्काळ भरावी', मग पोषण आहाराची रोजची नोंद, त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम पण माझ्याच गळ्यात. चौथीतल्या काही पोरांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. गावात ऐकवतात, बाईंचं काय, पगार चालूच. नोकरी सोडावीशी वाटते.
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर: बाई, राजीनाम्याचा विषय दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बाजूला ठेवा, इतकं दमलेलं असताना ठरवू नका.

शिक्षण हक्क कायद्याचं (2009) कलम 27 बघा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक काम शिक्षकाला लावता येत नाही, आणि बीएलओ नेमकं त्या निवडणुकीच्या दारातून आत शिरतं, त्यामुळे तिथे भांडून फार काही हाती लागत नाही. पण 2007 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मतदार यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या किंवा न शिकवायच्या दिवशी द्यावं. शाळेच्या वेळात बोलावलं तर लेखी आदेश मागा आणि हालचाल रजिस्टरला, म्हणजे शाळेबाहेर जाण्याच्या वहीत, नोंद करूनच निघा. (यात वर्ग वाचतो पण तुमचा रविवार जातो, ते कोण बघतंय!)

लिंकांचं म्हणाल तर 'तात्काळ' म्हणजे बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत. सरांशी बोलून आठवडे वाटून घ्या, एक आठवडा त्यांचा मोबाईल चालू, एक आठवडा तुमचा, दुसऱ्याचा छोट्या सुट्टीपर्यंत कपाटात.

आणि तो वाचलेला पहिला तास त्या पोरांना द्या, तिसरीला तोवर स्वाध्याय. कागदाच्या पट्टीवर अगदी कडेला मोठा 'म' काढा, त्याची दांडी मागे दुमडायला सांगा आणि शेजारी 'ह'ची पट्टी चिकटवून ठेवा, झाला 'म्ह'. मग म्हैस, म्हातारी, म्हशी, त्यांच्याच घरचे शब्द. दांडी गेली की अक्षर अर्धं होतं हे हाताने केलं की पटकन कळतं, त, स, प सगळ्यांना हेच चालतं. 'र'ला मात्र हात लावू नका इतक्यात, तो फार छळतो.

गावाच्या बोलण्याचं सोडा हो, पगार लेट झाला की किराणावाल्याकडे उधारी आपलीच असते.

दिवाळीनंतर पोरं कुठवर आली ते नक्की कळवा.