जुना रंधा हातात घेतल्यावर

सुतारकामाची जुनी अवजारं नव्याने गोळा करायला लागला आहात, तर आधी एकच अवजार नीट ओळखायला शिका. माझं मत विचाराल तर रंधा, म्हणजे लाकूड तासून सपाट करायचं अवजार. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लोखंडी रंधा दिसला की लगेच भाव करू नका. आधी तो उलटा करा. पातं जिथून डोकावतं त्या फटीच्या दोन्ही कोपऱ्यांत केसासारखी चीर आहे का पाहा. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, गेलेली चीर सहसा तिथूनच सुरू होते. चीर असेल तर वापरासाठी घेऊच नका.

मग पातं काढा. स्टॅन्ले या अमेरिकन कंपनीच्या ‘बेली’ जातीच्या रंध्यात पात्याखालच्या बैठकीमागे पेटंटच्या तारखा ओतलेल्या सापडतात. १९०२ च्या दोन आणि १९१० ची एक अशा तीन असतील, तर तो साधारण १९१० ते १९१८ मधला समजा. तारीख पेटंटची असते, रंधा तयार झाल्याची नव्हे; विकणारे इथेच गफलत करतात. पातं, मूठ दुसऱ्याच रंध्याची लावलेलीही फार दिसतात.

काम लांबीवरून कळतं. स्टॅन्लेच्या क्रमांकांप्रमाणे ९ इंची ४ नंबर शेवटची सफाई करतो, २२ इंची ७ नंबर फळीची कड सरळ करतो. लाकडी रंध्याचा मात्र तळ बघायचा: पायरी असेल तर खाच पाडायचा, गोलाई असेल तर नक्षीच्या पट्टीचा.

आणि कृपा करून पॉलिश पेपर लावू नका हो! रॉकेलच्या फडक्याने पुसा, पात्यावरचा छाप वाचा, फोटो काढा. घासून गेलेला छाप परत येत नाही.