ग्रेट बेअर लेकला पहिल्यांदा जाताना

ग्रेट बेअर लेक या सरोवरावर लेक ट्राउट मासे गळाने पकडायला ऑगस्टच्या अखेरीस जातोयस, वेळ उत्तम निवडलीस. कॅनडाच्या उत्तरेत, आर्क्टिक वृत्ताजवळ, तेव्हाच शरद लागतो. टुंड्रा लालभडक होतो आणि रात्री पुन्हा काळोख पडू लागल्याने ध्रुवीय प्रकाशही दिसतो.

लेक ट्राउट उन्हाळाभर खोल थंड पाण्यात राहतात असं तू वाचलं असशील. पण हे सरोवरच इतकं गार, की मोठे मासेही उथळात येतात. त्यातून शरदात ते विणीसाठी खडकाळ उथळ जागांकडे सरकतात. म्हणून खोल पाण्यासाठीचं अवजड साहित्य कमी ने. मोठा चमचा-गळ (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष लावलेला गळ) खडकांच्या कडेने हळू ओढ, गाइड सांगेल तिथेच.

गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे चिमट्याने दाबूनच टाक, म्हणजे मासा सहज सोडता येतो. हा मासा फार सावकाश वाढतो. हातातला मोठा ट्राउट कित्येक दशकं जगलेला असतो. १९९५ मध्ये इथेच ७२ पौंडांचा विक्रमी ट्राउट मिळाला होता. फोटो हवा तर हात ओले कर, माशाला पोटाखालून आधार दे आणि लगेच सोड. दुपारी किनाऱ्यावर तळायला लहानसा पुरतो.

वारा सुटला की लाटा झपाट्याने चढतात. लाइफ जॅकेट काढू नकोस, आणि परतीच्या विमानासाठी एक-दोन दिवस हाताशी ठेव.