दोन दारांचा कारखाना

चार पत्रं आली आहेत, चारही बिननावाची. शेवटी आलेल्या पत्राला आधी उत्तर देतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

मुलगा 14 वर्षांचा. उत्तरायणाला अगाशीवर पतंग उडवताना वृषणात एका बाजूला अचानक जोराची कळ आली, उलटीही झाली. तासाभराने आपोआप थांबलं. लाजेने आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आता दुखत नाही, तरी दाखवायचं का?

हो ताई, आजच. वृषण ज्या दोरीवर लोंबतं, तिच्यातूनच त्याला रक्त मिळतं. कधीकधी त्या दोरीला पीळ पडतो आणि रक्त बंद होतं. मुलाचा पीळ बहुधा आपोआप सुटला, पण तो पुन्हा पडू शकतो. पुढच्या वेळी हातात साधारण 6 तास असतात, त्यानंतर वृषण वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. सर्जनची खात्री पटली तर छोटं ऑपरेशन करून दोन्ही वृषणं टाके घालून जागच्या जागी बसवतात. पुन्हा कळ आली तर हळद, शेक, 'सकाळी बघू' यातलं काहीही नको. रात्री दोन वाजता का होईना, रिक्षा करा. आणि हा सहा तासांचा आकडा मुलाला स्वतःला माहीत हवा. तुम्हाला संकोच वाटत असेल तर त्याच्या मामाला सांगायला लावा.

वय 21. दांडिया बाजारात आखाड्यात जातो. डावी गोळी उजवीपेक्षा खाली लोंबते. वस्ताद म्हणतात, लंगोट ढिला बांधल्यामुळे.

वस्तादांना माझा नमस्कार, पण इथे ते चुकले. बहुतेक पुरुषांचं डावं वृषण थोडं खालीच असतं. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा 2 ते 3 अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर हा कारखाना पोटाबाहेर पिशवीत ठेवलेला आहे. थंडीत पिशवी आकसते, बडोद्याच्या मे महिन्यात सैल सुटते. लंगोट मेहनतीपुरता बांधा, दिवसभर आवळून ठेवू नका.

दोन गोष्टी मात्र दाखवायच्या. उभं राहिल्यावर वर गांडुळांची जुडी हाताला लागते आणि आडवं झाल्यावर ती विरते, तर ते व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा. डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून रक्त जास्त करून तिथेच तुंबतं. दुसरी गोष्ट म्हणजे वृषणातच कडक गाठ. ती दुखत नसली तरी लगेच डॉक्टरकडे.

मांडवीजवळ फरसाणचं दुकान आहे, दिवसभर कढईपुढे उभा. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू कमी. तंबाखू सोडून महिना झाला, तरी नवा रिपोर्ट तसाच. मग सोडून उपयोग काय?

तुम्ही घाई केलीत. एक शुक्रजंतू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. मग वृषणामागे गुंडाळी करून बसलेली, उलगडली तर सुमारे 6 मीटर भरेल अशी नळी पार करत तो पोहायला शिकतो. त्यात आणखी आठ-दहा दिवस जातात. म्हणजे परवाचा रिपोर्ट तुमच्या तंबाखूच्या दिवसांचाच आहे. पूर्ण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आधी 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता. कढईपासून मधूनमधून बाजूला व्हा. वहिनींच्या तपासण्याही बरोबरीने होऊ द्या.

जिममधला कोणी 'ताकदीचं' टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवेल, ते मुळीच घेऊ नका. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे. तो वृषणाला हुकूम देणं थांबवतो आणि शुक्रजंतू आणखी घटतात, कधी शून्यावर येतात.

दोन मुलं झाली. नसबंदी मी करायची ठरवतोय, पण आई म्हणते, पुरुष अशक्त होतो, मर्दानगी जाते.

आईंना हे वाचून दाखवा. या कारखान्याला दोन दारं आहेत. दाढी, आवाज, स्नायू, इच्छा ज्याच्यामुळे, ते टेस्टोस्टेरॉन थेट रक्तात जातं. शुक्रजंतू नळीने बाहेर जातात. नसबंदीत फक्त ती नळी कापून बंद करतात, रक्ताकडचं दार उघडंच राहतं. अडकलेले शुक्रजंतू शरीर जिरवून टाकतं.

वीर्यही दिसायला तेवढंच राहतं. त्यात वृषणातून आलेला भाग जेमतेम 2 ते 5 टक्के, बाकीचा द्रव वीर्याशय आणि प्रोस्टेट या आतल्या ग्रंथी पुरवतात. 'रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब' हा लोकांच्या तोंडी असलेला हिशेब शरीर करत नाही.

जागा बधिर करून काम होतं, त्याच दिवशी घरी. बायकांच्या ऑपरेशनपेक्षा हे सोपं, तरी आपल्याकडे टेबलावर बहुतेक वेळा बायकोच असते. एक मात्र लक्षात ठेवा. नळीत पुढे आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरा आणि तपासणीत शुक्रजंतू शून्य असल्याचा कागद हातात येईपर्यंत तो सोडू नका.