15 वर्षं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड घ्यावं का? चालवायला किती खर्च येतो?

तुम्ही विचारलंय की गोव्यात चापोऱ्याला होडीसाठी 15 वर्षं जुनं 40 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, स्वस्तात मिळतंय, ते भरवशाचं असेल का आणि पेट्रोल किती खाईल. मी शिवोलीचा. अशीच जुनी मशीनं चालवत आलोय, म्हणून लिहितो.

वयाला घाबरू नका. ही मशीनं खाऱ्या पाण्याने आणि तापण्याने मरतात. आत फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॉम्प्युटर नाही; प्लग, कार्बोरेटर, इग्निशन एवढं समजणारा मेकॅनिक होडी रेतीवर ओढूनही दुरुस्ती करतो. जपायचा तो इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप. त्यातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, रेतीने झिजतो आणि नुसता पडून राहिला तरी कडक होतो. एकदा ओहोटीला नदीच्या मुखाशी माझी होडी रेतीच्या पट्ट्यावर घासली. पंप चालू असल्याचं दाखवणारी इंजिनामागची पाण्याची धार बारीक झाली होती, तरी मी तसंच रेटलं. किनाऱ्यावर खालचा भाग उघडला तर इम्पेलरची तीन पाती तुटलेली, उरलेली एका बाजूला वळून ताठरलेली. एक तुकडा वर नळीत अडकला होता. हेडचं गॅस्केटही गेलं. तेव्हापासून दर हंगामाला नवा इम्पेलर घालतो आणि धार थांबली की त्याच क्षणी इंजिन बंद करतो.

आता पेट्रोल. पूर्ण थ्रॉटलला हे मशीन तासाला साधारण 15 लिटर पितं. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं; 50 ला 1 या मिश्रणात 10 लिटरला 200 मिली ऑइल लागतं. लिटरला 100 रुपये धरले तर तासाला दीड हजार, ऑइल वेगळं. फोर-स्ट्रोक कमी पितं, आणि हा फरक सर्वात जास्त जाणवतो तो हळू चालवताना. म्हणून आठवड्यातून एकदा गळ टाकायला जाणार असाल तर जुनंच घ्या. रोज दोन-तीन तास पर्यटक फिरवायचे असतील तर वाचवलेले पैसे टाकीतच जातील.

20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मशीन ठेवताना गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये धुवा, मग ड्रममध्येच पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत चालू ठेवा.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, मशीन थंड ठेवा. गेल्यावर हात लावून बघा. गरम लागलं तर तुम्ही येण्याआधी सुरू करून ठेवलंय. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या, 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. गिअरचं ऑइल थोडं काढा. दुधासारखं पांढरट निघालं तर सील गेलंय, पाणी आत शिरतंय. ते काम कितीला पडेल हे तुमच्या मेकॅनिकला विचारून तेवढी रक्कम किमतीतून कापायला सांगा.