रेकॉर्ड म्हणजे दर वेळी विक्रमच का?

प्रश्न असा आहे की अमेरिकेतली हरणांची शिकार आणि तिथले कॉलेजचे खेळ, दोन्हींबद्दल लिहिताना 'रेकॉर्ड' हा शब्द सारखा येतो, तर मराठीत दोन्हीकडे सरसकट 'विक्रम' लिहिलं तर चालेल का. माझं मत, खेळांना बिनधास्त लिहा, शिकारीला मात्र जपून.

विक्रम म्हणजे मुळात पराक्रम, त्यामुळे 'विक्रम केला' म्हटलं की तो करणारा कुणीतरी लागतो. शिकारीतल्या रेकॉर्डमध्ये तो माणूस जवळजवळ नसतोच! तिकडे थिओडोर रूझवेल्ट वगैरे मंडळींनी १८८७ मध्ये काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब आहे, तो मोजतो शिंगं. शिंगं किमान ६० दिवस वाळू द्यायची, मग मुख्य शिंगाची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, घेर, दोन शिंगांमधलं अंतर असं सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज करायची आणि डावं-उजवं सारखं नसेल तर तेवढा फरक वजा करायचा. नेम किती लांबून धरला, थंडीत किती बसावं लागलं, याचे मार्क शून्य. पांढऱ्या शेपटीच्या हरणात सुबक, म्हणजे दोन्हीकडे नीट सारख्या वाढलेल्या शिंगांच्या गटातला उच्चांक २१३ ५/८ इंच, तो नर १९९३ मध्ये कॅनडात सस्कॅचवानला मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने मारला. पण वेड्यावाकड्या फाट्यांच्या गटात पहिला नंबर आहे ३३३ ७/८ चा, आणि ते हरीण १९८१ मध्ये मिसुरीत मेलेलंच सापडलं होतं. आता इथे विक्रम केला कुणी? म्हणून अशा ठिकाणी 'उच्चांक' किंवा सरळ 'नोंद झालेली सर्वांत मोठी शिंगं' लिहावं.

'विक्रमी' हे विशेषण मात्र केव्हाच मोकळं झालंय, विक्रमी पाऊस, उसाचं विक्रमी गाळप आपण रोज वाचतो, तिथे कुणाचा पराक्रम शोधत नाही. त्यामुळे 'विक्रमी शिंगं' मला चालतं, 'हॅन्सनचा विक्रम' खटकतं.

कॉलेजच्या खेळात करणारा समोरच असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॅरी सँडर्सने १९८८ च्या एका सीझनमध्ये ओक्लाहोमा स्टेटकडून ११ सामन्यांत बॉल घेऊन धावत २,६२८ यार्ड काढले, हा अस्सल विक्रम. २०२४ मध्ये बॉयसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी १४ सामन्यांत २,६०१ पर्यंत आला, आणि गंमत म्हणजे सँडर्सचे 'बोल' सामन्यातले (सीझन संपल्यावरच्या खास सामन्यातले) २२२ यार्ड यात धरलेलेच नाहीत, कारण बोलचे आकडे धरायची पद्धत २००२ पासूनची.

फक्त विक्रम कशाचा ते प्लीज लिहा, नुसतं 'विक्रम मोडला' लिहिलं की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. कॉलेज बास्केटबॉलच्या अव्वल विभागात (डिव्हिजन १) आयोवाच्या केटलिन क्लार्कने ३ मार्च २०२४ ला जुन्या काळच्या पीट मॅराविचचे ३,६६७ पॉइंट मागे टाकले आणि ३,९५१ वर थांबली, पण मॅराविच ३ सीझन, ८३ सामनेच खेळला, तेही लांबून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट देणारी रेषा नसताना, आणि सामन्याला ४४.२ ही त्याची कारकिर्दीची सरासरी त्या विभागात अजून कुणी गाठलेली नाही. तेव्हा 'क्लार्कने कारकिर्दीतल्या एकूण पॉइंटचा विक्रम मोडला, सरासरीचा विक्रम मॅराविचकडेच राहिला' असं पूर्ण वाक्य लिहा.