युद्ध चालू असताना धोरण-संस्था नेमके काय करतात? युक्रेनपुरते एक उत्तर

आपला प्रश्न असा आहे की, युद्धग्रस्त देशांत शांतता, सुरक्षा आणि सुधारणा यांसाठी काम करणाऱ्या धोरण-संस्था, म्हणजे थिंक टँक आणि त्यांच्या जोडीने सरकारवर देखरेख ठेवणाऱ्या स्वयंसेवी संस्था, प्रत्यक्षात काही साधतात की अहवाल छापून देणग्या मिळवत राहतात. मी युक्रेनपुरतेच उत्तर देतो. माझी नोकरीची वर्षे सरकारी खरेदीच्या लेखापरीक्षणात गेली आणि तेथील संस्थांचे सर्वांत ठोस काम खरेदीच्याच क्षेत्रात झाले असल्यामुळे ते मी बारकाईने वाचत आलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. लढाई थांबवणे या संस्थांच्या आवाक्यात नाही. मात्र युद्धाचे कारण पुढे करून सरकार आपला कारभार झाकू लागते, तेव्हा तो उघडा ठेवायला लावणे त्यांना जमते, आणि तेही त्यांच्या पाठीशी दुसऱ्या कोणाचा तरी जोर असेल तरच.

युक्रेनमध्ये ‘प्रोझोरो’ नावाची ई-निविदा प्रणाली आहे. २०१४ च्या ‘मैदान’ या सरकारविरोधी जनआंदोलनानंतर स्वयंसेवकांनी, ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी जागतिक संस्थेच्या युक्रेन शाखेच्या आधाराने, ती उभी केली आणि ऑगस्ट २०१६ पासून सर्व सरकारी खरेदीला ती बंधनकारक झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने चढाई केल्यावर सरकारने निविदांशिवाय थेट खरेदीची मुभा दिली, आणि त्या आठवड्यांत दुसरे काही शक्यही नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बहुतेक नागरी खरेदी पुन्हा प्रोझोरोवर आली. संरक्षण खात्याची खरेदी मात्र पडद्याआडच राहिली.

जानेवारी २०२३ मध्ये युरी निकोलोव या पत्रकाराने सैन्याच्या भोजनाचा १३.१६ अब्ज ह्रिव्नियांचा (ह्रिव्निया हे युक्रेनचे चलन) करार उजेडात आणला. त्यात एका अंड्याचा दर १७ ह्रिव्निया होता. कीवच्या दुकानांत तेच अंडे सात ह्रिव्नियांच्या आसपास मिळत होते. खात्याने ही तांत्रिक चूक असल्याचे सांगितले. ज्यांनी निविदांचे तुलनात्मक तक्ते तपासले आहेत त्यांना मात्र यातली मेख लगेच कळते. स्पर्धा दर माणशी दिवसाच्या एकूण खर्चावर होती आणि यादीतील शेकडो पदार्थांचे सुटे दर ठेकेदारावर सोडलेले होते. अशा वेळी जी बाब रोज लागणार तिचा दर चढा ठेवायचा, जी कोणी मागणारच नाही तिचा नाममात्र ठेवायचा, म्हणजे बेरीज नियमात बसते आणि पैसे वेगळ्याच दराने जातात. आपल्याकडच्या बांधकाम निविदांत हा प्रकार जुना आहे, त्याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढे जे झाले त्याचे.

काही दिवसांत संरक्षण उपमंत्री व्याचेस्लाव शापोवालोव यांना जावे लागले आणि सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव यांनाही. परंतु राजीनाम्याने दरपत्रक सुधारत नाही, आणि बातमी तर तीन आठवड्यांत शिळी होते. तिथून पुढचे रटाळ काम संस्थांनी केले. संरक्षण क्षेत्रातील भ्रष्टाचारावर २०१६ पासून काम करणारी ‘नाको’ ही स्वतंत्र समिती, ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल आणि इतर काही संस्थांनी असा आग्रह धरला की शस्त्रे व दारूगोळ्याचे तपशील गुप्त राहोत, पण अन्न, कपडे, इंधन यांचे दर प्रसिद्ध करण्याने शत्रूच्या हाती काहीच लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्येच संसदेने त्या धर्तीचा कायदा केला, आणि पुढे शस्त्रेतर खरेदी मंत्रालयातून काढून ‘स्टेट रिअर ऑपरेटर’ या वेगळ्या संस्थेकडे सोपवली गेली. गुप्तता नेमकी कोठे संपावी याची रेघ आखून देणे, हे माझ्या मते युद्धकाळातील सुधारणेचे सर्वांत मोलाचे काम आहे, कारण सैनिकाला ती रेघ आखण्याची फुरसत नसते आणि मंत्र्याला तिची इच्छा नसते.

अधिकाऱ्यांच्या मालमत्ता-विवरणांबाबतही असेच झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने ती आणखी वर्षभर लोकांपासून झाकून ठेवण्याची तरतूद मंजूर केली. नकाराधिकार वापरावा या मागणीच्या याचिकेला काही तासांतच आवश्यक त्या २५,००० सह्या मिळाल्या, राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी विधेयक परत पाठवले आणि संसदेला विवरणे खुली करावी लागली.

खरी कसोटी २०२५ च्या जुलैमध्ये लागली. वरिष्ठांच्या भ्रष्टाचाराचा तपास करणारे ‘नाबू’ आणि त्याचे खटले चालवणारे विशेष अभियोक्ता कार्यालय या दोन्ही यंत्रणा २०१४-१५ मध्ये सुधारणावादी संस्थांच्या आणि कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या दबावातून जन्मल्या होत्या. २२ जुलै रोजी संसदेने २६३ मतांनी कायदा करून त्यांना महाअभियोक्त्यांच्या, म्हणजे व्यवहारात सत्ताधाऱ्यांच्याच, नियंत्रणाखाली आणले आणि झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी त्यावर सही केली. क्षेपणास्त्रांचे भोंगे वाजत असलेल्या कीवमध्ये, इव्हान फ्रांको नाट्यगृहासमोर, पुठ्ठ्यांवर हाताने घोषणा लिहून तरुण मुले-मुली जमली. मोठ्या युद्धाला तोंड फुटल्यानंतर सरकारविरोधात एवढी निदर्शने प्रथमच होत होती. कायद्याच्या कोणत्या कलमाने काय बिघडते हे संस्थांच्या वकिलांनी तासाभरात सोप्या भाषेत मांडले, आणि ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, सदस्यत्वाच्या वाटाघाटींची व निधीची आठवण करून दिली. ३१ जुलै रोजी त्याच संसदेने ३३१ मतांनी दोन्ही यंत्रणांची स्वायत्तता परत दिली.

या यशात संस्थांचा वाटा किती होता? माझ्या अंदाजाने त्या एकट्या असत्या तर त्यांचे निवेदन दप्तरी दाखल झाले असते. रस्त्यावरची गर्दी आणि युरोपीय संघाचा ५० अब्ज युरोंचा, सुधारणांच्या अटींवर हप्त्याहप्त्याने मिळणारा निधी या दोन्हींच्या मधोमध त्या उभ्या होत्या म्हणून त्यांचे म्हणणे ऐकले गेले. याच नाबूने नोव्हेंबर २०२५ मध्ये अणुऊर्जा कंपनी ‘एनर्गोआतोम’भोवतीच्या सुमारे १० कोटी डॉलरच्या कथित लाचखोरीचा तपास उघड केला, दोन मंत्री पदावरून गेले आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख आंद्री येरमाक यांनी राजीनामा दिला. जुलैचा कायदा टिकला असता तर हा तपास कितपत पुढे सरकला असता, याचा विचार आपणच करावा.

सुरक्षेच्या बाजूने कीव स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थेचे काम पाहण्यासारखे आहे. पडलेल्या इमारती आणि पूल यांच्या नुकसानीचे मोजमाप ती करते, आणि रशियन शस्त्रांत सापडलेल्या परदेशी सुट्या भागांचा माग काढून निर्बंधांतील पळवाटा दाखवते. उद्या नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला तर तो अशाच नोंदींवर राहील.

शांततेबद्दल मात्र मी आपल्याला फार आशा दाखवणार नाही. बंद दारांआडच्या वाटाघाटींत या संस्थांना खुर्ची नसते. त्यांच्याकडून मिळते ती लोकमताची मोजणी. भूभाग सोडण्याबाबत कीव इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशिऑलॉजी सातत्याने एकच प्रश्न विचारत आली आहे: मे २०२२ मध्ये अशा तडजोडीला ८२ टक्के लोकांचा विरोध होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो ५१ टक्क्यांवर आला आणि तयारी दाखवणारे ३८ टक्के झाले. मार्शल लॉमुळे निवडणुका घेता येत नसलेल्या देशात, तडजोडीची कोणती मर्यादा लोक सहन करतील हे सांगणारा यापेक्षा बरा आधार वाटाघाटी करणाऱ्यांपाशीही नसतो.

राहिला देणग्यांचा आक्षेप. तो खोटा नाही. यांतील बऱ्याच संस्था पाश्चात्त्य पैशावर चालत आल्या आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा कित्येकांचे प्रकल्प अर्ध्यावर थांबले. पण जुलैची निदर्शने त्यानंतर सहा महिन्यांनी झाली, आणि त्या पुठ्ठ्यांसाठी कोणाच्या अनुदानाची गरज पडली नव्हती.