म्युझस्कोरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीनं संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तालाशिवायचा आलाप लिहिताना कोमल-तीव्राची (फ्लॅट-शार्पची) चिन्हं दर स्वराला द्यायची का?

द्यायची. एकूण एक स्वराला. कागद काळा दिसतो म्हणून कुरकुरणारे भेटतील, त्यांना कुरकुरू द्या.

तुम्ही म्हणता, अख्खा आलाप एकाच बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या घरात) बसवलाय आणि चिन्ह एकदा दिलं की बार संपेपर्यंत टिकतं, मग पुन्हा कशाला? नियम बरोबर आहे, पण तो चार मात्रांच्या बारसाठी ठीक. तुमचा बार दुसऱ्या पानावर संपणार. तोवर वाजवणाऱ्यानं पहिल्या ओळीतला फ्लॅट डोक्यात धरून बसायचं का?

मी सांगलीत पेटी शिकवतो, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना ऑर्गनवर असतो. मागं एकदा ललित रागातला छोटा आलाप व्हायोलिनवाल्यांना द्यायचा होता. त्यात मिरजेचा एक मुलगा, चर्चमध्ये वाजवत वाढलेला. सरगम त्याला येत नाही, स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी) मात्र सरसर वाचतो. म्हणून मी म्युझस्कोरवर उतरवलं. सा म्हणजे सी धरला. ललितात दोन्ही मध्यम पाठोपाठ लागतात: एफ (शुद्ध मध्यम), लगेच एफ शार्प (तीव्र), परत एफ नॅचरल (पुन्हा शुद्ध), मग ई (गंधार). प्रत्येक एफला चिन्ह दिलं, प्रत्येक कोमल रिषभालाही दिलं.

आमच्या संयोजकांना ते बघवेना. "एवढी काटेरी झुडपं कशाला लावलीत?" म्हणाले. फाइल मागून घेतली आणि मला न विचारता निम्म्या चिन्हांवर 'व्ही' दाबलं. व्ही दाबलं की चिन्ह नुसतं दिसेनासं होतं, सूर बदलत नाही. त्यामुळे घरी लावून बघितलं तर आलाप बिनचूक वाजला. स्वारी खूश!

विश्रामबागच्या तालमीत त्या पोरानं शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र लावला आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. "ललित ऐकलायस का कधी?" अहो, समोर छापलेलं तेच तो वाजवत होता! शार्पनंतर त्याच बारमध्ये नुसता एफ आला तर तो शार्पच. मी माझी जुनी प्रिंट पुढं केली, तर संयोजकांचं उत्तर काय, "कॉम्प्युटर बरोबर वाजवतो ना?" कॉम्प्युटर कागद वाचत नाही, फाइल वाचतो. हे त्यांना अजून पटलेलं नाही.

असो. आलाप एका बारमध्ये कोंबू नका. गायक श्वास घेतो तिथं तोडा, मेझर प्रॉपर्टीजमध्ये त्या त्या बारची अ‍ॅक्च्युअल लांबी बदला, टाइम सिग्नेचर (सुरुवातीचे मात्रांचे आकडे) लपवा. मात्र बारलाइनही (बारची उभी रेघ) लपवलीत तर वेगळीच पंचाईत: सॉफ्टवेअरच्या हिशेबी बार बदलला, आधीचा फ्लॅट संपला. वाचणाऱ्याला रेघच दिसत नाही, तो फ्लॅट चालूच ठेवतो. म्हणून चिन्ह दर स्वराला, आणि वर एक ओळ, "चिन्ह त्या स्वरापुरतंच." स्वर निवडून पॅलेटमधलं चिन्ह दाबलं की गरज नसली तरी ते छापलं जातं.

लिलिपॉन्ड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅडेन्झाऑन (बार मोजणं थांबवणारी आज्ञा) दिलंत तर हातानं काढलेल्या बारलाइननंतरही जुनं चिन्ह चालूच राहतं. स्वराच्या नावानंतर उद्गारचिन्ह टाकून ते पुन्हा छापून घ्यावं लागतं. डोरिको हे तिसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं बरं आहे, ओपन मीटर (ठरलेल्या मात्रा नसलेलं) घ्यायचं आणि चिन्हांचा नियम 'सेकंड व्हिएनीज स्कूल' निवडायचा, नॅचरलसकट सगळ्यांवर आपोआप येतात.

हां, भैरवासारखा राग असेल, जिथं स्वराचं एकच रूप लागतं, तर रे-ध फ्लॅट असलेली कस्टम की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीलाच एकदा द्यायची चिन्हं) करून मोकळे व्हा. पाश्चात्त्य शिकलेला माणूस ती बघून चमकेल, त्याला आधी सांगून ठेवा. आणि वाजवणारा सरगमवाला असेल तर या भानगडीत पडूच नका, सा-रे-ग अक्षरांच्या भातखंडे लिपीत द्या. कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, ज्याची खूण त्याच्याजवळ. आमचे संयोजक या लिपीला मागासलेली म्हणतात. स्टाफमध्ये म्हणे शिस्त असते. ती शिस्त त्यांनीच व्ही दाबून घालवली, पण ते जाऊ दे.

आता मारव्याचा कागद हवाय त्यांना. पीडीएफ देणार आहे, फाइल नाही.